कंडेन्सर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून
गड्डमशेठचा ड्राइव्ह आला, पोत्यात गुंडाळून.
बारा माग एकदम थांबले म्हणे,
टॉवेलवरचा मोर अर्ध्या पिसाऱ्यात अडकला.

उघडला तर आत चार कंडेन्सर,
चौघांचीही टाळू फुगलेली,
एकाच्या बुडाशी तपकिरी ओल
आणि सुकटीसारखा वास.

आयटीआयच्या सरांनी शिकवलं होतं,
दहा अंश ऊन वाढलं
की याचं आयुष्य निम्मं होतं.
सर पुण्याचे.
फळ्यावर गणित पंचविसापासून मांडायचे.
मी मांडते चव्वेचाळीसपासून,
वर पत्रा, आत मागांची धग,
आणि दोनदा निम्मं केलं
की पुढचं करायला हातात फार उरत नाही.

फेकायच्या आधी एक सोलला पक्कडीनं.
चकचकीत पट्टी, ओला कागद, पुन्हा पट्टी, पुन्हा कागद,
उलगडत उलगडत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.
अम्मा तिथंच बसली होती, डबा घेऊन.
तिनं टोक धरलं,
मांडीवर ठेवून पुन्हा वळायला घेतलं,
अंगठ्यानं दाबत, घट्ट, कडा जुळवत.
‘इदि एवरु चुट्टारु?’
कुणी नाही गं, मशीननं वळलंय.
‘मग छाट कोण काढतं?’

दिवसाला हजार वळायची अम्मा, एकतीस वर्षं.
शंभरातल्या आठ-दहा चेकर बाजूला टाकायचा,
त्यांचे पैसे नाहीत,
पान-तंबाखू मात्र तिच्याच खात्यावर.
मशीनला असं काही असतं का, मला माहीत नाही.

आता नवे आलेत, फिल्मचे.
आत ओल नाही, म्हणून आटायला काही नाही.
प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यावर धातूची नुसती वाफ.
कुठं भोक पडलंच
तर भोकाभोवतीचा धातू उडून जातो
आणि बाकीचं कापड चालू राहतं,
रफू स्वतःचं स्वतः.
चोकही बदललाय.
पूर्वी दोन्ही हातांनी उचलायचे मी,
आता केसाहून पातळ पट्टीचं कडं,
वर तांब्याचे मोजके वेढे,
खिशात मावतं.
स्विच जितक्या झपाट्यानं ठोका देतो
तितकी कांडी लहान लागते.
अप्पा असते तर हे त्यांना एका वाक्यात कळलं असतं,
मला आठवडा लागला.

‘तिप्पट भाव?’ गड्डमशेठ फोनवर म्हणाला,
‘जुनेच टाक, दिवाळीपर्यंत ओढू दे.’
मी म्हटलं, शेठ, मोराचं काय?
तो हसला. मग गप्प झाला.
मग म्हणाला, ‘दोन हप्त्यांत देईन.’

नवे आडमाप निघाले, जुन्या खोक्यात बसेनात.
बाहेर पत्र्याची वेगळी पेटी ठोकली,
वरून चादरीचा तुकडा, धूळ बसू नये म्हणून.
दिसायला अगदीच बाई आजारी असल्यासारखं.
पण माग चालू झाले.
मोराचा उरलेला पिसारा आला,
जोडावर एक बारीक रेघ, तेवढीच.

जुन्यांतला एक अजून बरा होता.
त्याला साडेपाचशे देऊन पाहिले,
मग दोन बल्ब एकापुढे एक जोडून उतरवलं.
बल्ब पेटले, तांबूस झाले, गेले.
मीटरवर शून्य.
तो टेबलावर ठेवून जेवायला बसलो,
कडक भाकरी, शेंगाचटणी, थोडं दही.

रात्री सवयीनं पुन्हा मीटर लावला.
नऊ व्होल्ट.
कुठून आले, कुणी दिले?
पुस्तकात याला नाव आहे,
तेव्हा ते आठवलं नाही.

मागं खाटेवर अम्मा झोपलेली,
चेकर नाही, सूप नाही, दोरा नाही,
आणि उजव्या हाताचा अंगठा
तर्जनीवरून पुढं सरकत होता,
थांबत होता,
पुढं सरकत होता.