दोनची शेपटी

एकेचाळीस घड्याळं आहेत माझ्याकडे
आणि प्रत्येकात वेगळे वाजलेत.
बायको म्हणते, एवढी घड्याळं बाळगून
स्वतःच्या लग्नाला उशिरा आलास तू.
काय बोलणार.
सकाळी चहा उकळेपर्यंत एकेकाला चावी देतो.
दातावरून दात सरकल्याचं बोटाला कळतं,
मग क्षणभर काहीच नाही,
मग सुरू होतं ते,
शेजारच्या खोलीत कुणी शिवायला बसल्यासारखं.

बेचाळिसावं कझानच्या जुन्या बाजारात सापडलं,
स्केटच्या गंजक्या पात्यांखाली.
विकणारा म्हणाला, बंद आहे.
मी म्हटलं, असू दे.
तबकडीवर बोटाच्या नखाएवढं जहाज,
शिडाचा रंग उडालेला.

घेऊन गेलो चिस्तोपोलला, कामा नदी गोठलेली असताना.
राउशान-अपांनी तिथल्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
केसाहून बारीक स्प्रिंगा बसवल्या.
मला वाटलं होतं, ओळखतील.
म्हणतील, अरे, हे तर माझ्या हातचं!

टेबलावरचं पीठ पुसून त्यांनी भिंग डोळ्यात अडकवलं.
बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या.
"पोरा, काटे दुसऱ्याचे. तबकडी तिसऱ्याची.
यंत्र तेवढं इथलं, पण कुठल्या बाकावरचं, देव जाणे.
दिवसाला हजारो निघायची.
तुला कुणीतरी टोपी घातली."
माझा पडलेला चेहरा बघून
स्वतःच्या गुडघ्यावर टकटक केलं:
"हाही माझा नाही. आतून पोलाद आहे.
चालतो ना?"

मग मागचं झाकण खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.
आतल्या बाजूला सुईनं कोरलेली तारीख, बावीस मार्च.
दुरुस्त करणारे लिहून ठेवतात तशी,
पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही.
"दोनची शेपटी इतकी लांब तलगातच ओढायचा."

मी विचारलं, तलगात कोण?

त्यांनी सुईच्या टोकावर तेल घेतलं,
थेंब म्हणण्याइतकंही नव्हतं,
आणि हात जराही हलला नाही.
"होता एक. घड्याळं दुरुस्त करायचा.
बोलायला मात्र नेहमी उशीर."
झाकण बसवताना तीनदा फिरवून बघितलं.
एकदा पुरलं असतं.

मी म्हटलं, अपा, ठेवा तुमच्याकडे.
"मला कशाला? वेळ मोबाईलमध्ये दिसते."
मनगटावर पट्टा त्यांनीच बांधला,
एक भोक जास्त घट्ट.
"रोज चावी दे. विसरलास तर रागावत नाही ते,
नुसतं थांबतं."

परतीच्या बसमध्ये पूल ओलांडताना पाहिलं,
चार मिनिटं पुढे.
नीट करायला चावी बाहेर ओढली,
काटे थबकले,
काचेवर माझ्या श्वासाची वाफ.
पुन्हा आत दाबली.
जाऊ दे पुढे.
कुणीतरी एकदा
वेळेआधी पोचू दे.