तीन टक्के

साहेबांनी तक्ता उघडला, चष्मा वर सारला
आणि माझ्या हाताकडं न बघता वाचून दाखवलं:
तर्जनी चौदा टक्के.
मधलं बारा.
करंगळीशेजारचं सात.
मी मनात बेरीज केली, तेहेतीस.
सळयांचे गठ्ठे मोजून मोजून बेरीज पक्की झालेली.
"तसं नसतं मुंजाजी," साहेब म्हणाले,
"सुटी सुटी गेली तर तेवढी.
एका हाताची तीन मिळून गेली की तीस."

मी म्हणालो, मशीनला ते माहीत नव्हतं.

लातूर, अंबाजोगाई रोड, पाचव्या मजल्याचं काम.
डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरींचं होस्टेल.
जालन्याची बारा एमएम सळई, वैशाखाची दुपार,
हात लावला की चर्र.
कटरचं झाकण मागच्या स्लॅबपासूनच नव्हतं,
त्यानं काम मागं पडतं म्हणे.
उलटं करून मुकादमानं त्यात खिळे ठेवले होते.
आवाज असा काही झाला नाही.
सळई तुटल्यावर होतो तेवढाच.

बोटं चाँदपाशानं उचलली. तिन्ही.
कुल्फीवाल्याचा बर्फ मागून आणला,
त्यातच खुपसली,
तीन जण एका मोटरसायकलवर, मी मधे.
दवाखान्यातली डॉक्टर, असेल पंचविशीची,
म्हणाली, थेट बर्फात नसतात हो ठेवायची.
आधी कोरड्या पिशवीत, मग ती पिशवी बर्फात.
चाँदपाशा अजून चहा पिता पिता मधेच थांबतो.
"आधी पिशवी," म्हणतो. मला नाही, कपाला.

दुसऱ्या दिवशी साईटवर हातमोजे आले.
माझाही जोड घरी पोचवला, दोन्ही हातांचा.
केवळानं उजव्या मोज्याची तीन बोटं
आत ढकलून शिवून टाकली.
बोलली काही नाही. दोरा दातानं तोडला.

मग ठेकेदार. वीस हजार, कोरा कागद, शाईचं पॅड.
"सही कुठून जमायची तुला, अंगठा दे."
उजवा पट्टीत होता.
डावा मी मुठीत धरला, मूठ मांडीखाली,
पोरगं चोरलेली चिंच लपवतं तशी.
तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला,
"आमच्याकडं होतासच कुठं तू? मस्टरवर नाव दाव."

मस्टरवर मी नव्हतोच.
मी छताला होतो.

स्लॅबच्या प्लायवर पेन्सिलीनं मांडायचो हिशोब,
आठ एमएम चाळीस नग, खाली नाव, तारीख,
उद्या कुणी नाही म्हणू नये म्हणून.
वर काँक्रीट पडायचं. प्लाय सुटला
की सगळं छताला उमटायचं, उलटं.
दुपारी जेवून उताणा पडलो
की मीच मला उजवीकडून वाचायचो.
प्लास्टरवाले यायच्या आदल्या रात्री
चाँदपाशा मोबाईलची बत्ती घेऊन
खोली खोली हिंडला, मान मोडेपर्यंत.
एकशे सत्तावीस तारखा.
संघटनेच्या सरोजाताई पहिल्यांदा हसल्या,
"मंडळाच्या कार्डाला नव्वदच लागतात रे."
मागच्या तारखेला त्यांनी पर्समधला आरसा काढून
फोटोसमोर धरला, साहेबांना वाचायला लावलं.
म्हणून तर आज तक्ता उघडला.

आता त्या खोल्यांना पांढरा रंग आहे.
पोरी खाली झोपतात, वर माझी हजेरी.

"राहिलेलं एकोणीस दिवसांनी," साहेब म्हणाले.
दिवस मी अजून उजव्या हाताच्या पेरांवर मोजतो.
अंगठा करंगळीची तीन पेरं चढतो,
मग हवेत पाऊल टाकतो,
चार, पाच, सहा,
आणि चुकत नाही.
बारापर्यंत जाऊन परत करंगळीवर उतरतो.
ते तीन टक्के तेवढे कुठल्या पेरावर धरायचे,
ते विचारायचंय. एकोणिसाव्या दिवशी.