यजमान : ससा

विज्ञान दिनाच्या तक्त्यासाठी
कुपीवरचं लेबल मराठीत हवं होतं.
होस्ट : रॅबिट.
मी लिहिलं, यजमान : ससा,
तर जुवेकर मॅडम हसल्या.
यजमान म्हणजे सोवळं नेसून पाटावर बसतो तो,
भटजी ज्याला नाव-गोत्र विचारतात.
ह्याचं गोत्र लॉट नंबर. शेवटी शून्य सात.

परळ, तिसरा मजला, उणे वीसचा फ्रीझर.
पाच-पाच मायक्रोलिटरच्या वाटण्या मीच केल्या होत्या
चार वर्षांपूर्वी, बर्फावर, श्वास धरून.
आज शेवटची.

माणसाच्या एका प्रथिनाचा तुकडा
सशाला टोचतात.
सशाचं त्यात काही अडलेलं नसतं,
पण रक्त ते परकेपण मनावर घेतं.
एक पेशी त्याचा खांदा लक्षात ठेवते, दुसरी कोपर,
तिसरी एखादी घडी, जी आम्हालाही ठाऊक नाही.

भोईवाड्यात आमच्या पेडणेकर हरवले
तेव्हा फोटो कुणाकडेच नव्हता.
कुणी खोकला सांगितला, कुणी डावा पाय ओढणं,
इस्त्रीवाला म्हणाला, कॉलरला शाई असते.
तेवढ्यावर सापडले, संध्याकाळी, शिवडीला.

पॉलिक्लोनल म्हणजे तेच.
एकच खूण धरणाऱ्याही मिळतात,
दर वेळी सारख्या, आधार कार्डासारख्या.
आमच्या ग्रांटमध्ये बसल्या नाहीत.

पडदा आधी दुधात.
भुकटी कोपऱ्यावरच्या शेणॉयकडची, चहाचीच.
मग रात्रभर चार अंशांवर ससा,
सकाळी शेळीची दुसरी प्रतिपिंडं:
सशानं माणूस ओळखायचा,
शेळीनं ससा,
आणि लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धरून
मी त्या दोघांवर विश्वास ठेवायचा.

बावन्नवर पट्टा. स्वच्छ, काळा, एकच.
नमुना एकेचाळीस.
ह्याचंही नाव आम्हाला सांगत नाहीत.
खाली फाटकापाशी, स्टीलचा डबा मांडीवर घेऊन
रोज कुणी ना कुणी बसलेलं असतं.
मी वर बघत नाही, खाली बघत नाही,
जिना उतरते.

नवा लॉट मागच्याच आठवड्यात लावून पाहिला.
तोच कॅटलॉग नंबर, तीच किंमत, वर जीएसटी.
बावन्नवर नुसती सावली,
छत्तीसवर भलताच कुणीतरी.
कंपनीच्या मेनेझिसला फोन केला.
म्हणाला, मॅडम, अ‍ॅनिमल चेंज झालाय.
मी विचारलं, म्हणजे पहिला?
लाइनवर पंख्याचा आवाज येत राहिला.
मग म्हणाला, दहा टक्के डिस्काउंट देतो.

प्रबंधाच्या आभारांत
मॅडम, दोन समित्या, माझं नाव (चुकीच्या वेलांटीसह),
फ्रीझर दुरुस्त करणारे तांडेलसुद्धा.

तक्त्यापुढे सातवीतली एक मुलगी थांबली.
नखानं अक्षरं लावत वाचलं तिनं,
य ज मा न.
मग विचारलं, पांढरा होता का?

चार वर्षं.
मी हो म्हणाले.