दुपारी एक ते चार

डिचोलीच्या बाजारात एक वाजला
की शटर अर्ध्यावर ओढतो.
गाव जेवून आडवं होतं,
कुत्रीसुद्धा पिंपांच्या सावलीला.
मी काउंटरमागे, खिळ्यांच्या खोक्यावर पाय टाकून
मोबाइल उघडतो.
फलकावर ‘मायणकर अँड सन्स’ आहे.
त्यातला सन्स मी एकटाच.

सुरुवात बिजागरीनं झाली.
चवथीच्या आदल्या आठवड्यात कार्मेलिनबाय आली, म्हणाली,
‘पात्रांव, जनेलाक दोन इंची बिजागरी दी.’
दिली. बावीस रुपये.
ती गेली, तिचं वाक्य मात्र बोटांवर राहिलं
ग्रीससारखं, पुसलं तरी.
म्हटलं बघू तरी.
बघतो तर पात्रांव, जनेल, बिजागरी,
तिघंही पोर्तुगीज गलबतातून उतरलेले,
इंच मागाहून इंग्रजाबरोबर आलेला.
‘दोन’ आणि ‘दी’ तेवढे घरचे.

तेव्हापासून रोज दुपारी एक फळी.
घमेलं शोधलं तर ब्राझीलमधल्या कुणाच्या तरी जेवणाच्या मेजावर
लाकडाची कोरीव परात, तिच्यात केळी, संत्री.
इथे त्याच नावात सिमेंट कालवतात.
पिंप पूर्वी दारूचं होतं.
(हे गिऱ्हाइकांना सांगत नाही, पाण्यासाठी नेतात बिचारे.)
कुलूप अरबस्तानातलं,
चावी पोर्तुगालची,
आणि मी जन्मभर विकली ती जोडी म्हणून,
एकाच पाकिटात.

तिथे शब्दापाशी छोटा कर्णा असतो, दाबला की कुणी बोलतं.
ब्राझीलची बाई म्हणाली ‘शावी’.
लिस्बनचा गृहस्थ ‘शाव्’ म्हणून शेवट गिळून बसला.
पुन्हा दाबलं. पुन्हा.
मग खाली बारीक अक्षरात सापडलं:
गलबतं निघाली तेव्हा तेही ‘च’ म्हणत होते.
त्यांचा झिजून ‘श’ झाला.
आमच्याकडे राहिला तो जुना च,
डिचोलीत, ताळसाखळ्यांच्या शेजारी,
कुणी मागायला आलं नाही म्हणून.

आणि जावा-सुमात्राकडे चावीला म्हणतात ‘कुंची’.
हसलोच. कुंची म्हणजे आमच्याकडे तान्ह्याचं टोपरं!
पण ती निघाली कुंचिका,
संस्कृतातली, आपलीच,
समुद्रापार कुणाच्या तरी कनवटीला लागून गेलेली.
आपली किल्ली ते वापरतात, त्यांची नव्हे ती तिसऱ्याचीच आपण.
खिडकीला तिकडे ‘जंदेला’.
कार्मेलिनबायला सांगायला हवं.

आगुस्तीन शटरखालून वाकून आत आला, स्क्रू हवे होते.
म्हटलं, ‘मेस्ता, तुझें नांवूय तांचेंच. मेस्त.’
स्क्रू मोजता मोजता म्हणाला,
‘नांव तांचें आसूं. रंधो म्हजो न्हय?’
तो गेल्यावर हळूच पाहिलं.
रंधा फारसी.
त्याला सांगितलं नाही.
बापाचा रंधा आहे तो, मूठ झिजून
त्याच्या तळव्याच्या आकाराची झालेली.

चार वाजता शटर वर.
पहिलं गिऱ्हाईक शाळेचं पोर,
सायकलच्या कुलपाची हरवलेली.
‘चावी?’ मी विचारलं,
आणि च वर जरा जास्तच रेंगाळलो.
पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिलं.