पासंग

सावद्याला बसस्टँडच्या मागे माझं दुकान,
तराजू दुरुस्ती, वजनमाप, सरकारी सील.
बाप सुपडू पांचाळ, त्याच्या आधी त्याचा बाप.
गिऱ्हाईक काटा टेबलावर ठेवतं
आणि लगेच आपली बाजू सांगत सुटतं.
मी आधी काटा रिकामा धरतो.

मागच्या आठवड्यात चॅनेलची मुलगी आली.
पांढरे बूट, त्यांवर केळीच्या चिकाचे डाग,
नाव ऋता. वागायला चांगली, खोटं कशाला सांगू.
वत्सलाने चहा दिला, ताटलीत लाल शेव.
ती ठसकली, हसली, मग माईक पुढे केला :
काका, तुम्ही अजून त्यांच्याच बाजूचे?

त्यातला 'अजून' मी ऐकला.
कुठल्या पारड्याखाली मेण चिकटवलंय
ते मला दांडीच्या आवाजावरून कळतं.

तरी अर्धा तास बोललो.
म्हटलं, तेल महागलंय, खरंय,
पण
सुनेचा दाखला चिरीमिरीशिवाय मिळाला, पहिल्यांदाच,
आणि विहिरीला पाणी पहिल्या कुदळीला लागत नाही, बाई.
ती मान डोलवत होती.

संध्याकाळी सात सेकंद दाखवलं.
'तेल महागलंय, खरंय.'
खाली पट्टी : समर्थकही वैतागले.

माझा 'पण' कापला होता.
पण म्हणजे किंतु, आणि पण म्हणजे शब्द दिलेला.
दोन्ही एका बोटाने उडवले.

रात्री रावेरहून मेहुणा :
काय भो, फिरला का तू?
सकाळी मारोतीच्या पारावर डिगंबर बेंडाळे
काहीच बोलला नाही, तंबाखू मळत राहिला.
ते जास्त लागलं.

हात मी मारोतीपुढे जोडतो.
नेत्याला मत देतो.
देवाला वाहिलेलं परत मागत नाहीत,
मत मात्र पाच वर्षांनी माझ्याच बोटावर परत येतं, शाईसकट.
तोवर माणसाला काम करू द्यावं की नाही?
रोज पेरलेलं उकरून बघितलं तर उगवायचं काय?

रात्री नऊला सहा चौकटींत सहा माणसं
माझ्या देवघराला मागासलेपण म्हणतात,
माझ्या गप्प बसण्याला भीती.
जुनं सगळं सोनं नसतं, मला सांगू नका,
मी जन्मभर पितळ घासलंय.
पण वजन झिजलं तर
आम्ही त्याच्या पोटात शिसं ओततो, नवं सील मारतो.
वजनच फेकून द्या असं
आजवर एकाही दुकानदाराने म्हटलेलं नाही.

आता एक सांगतो, वत्सलालाही सांगितलं नाही.
त्याच रात्री भाच्याने मोबाइलवर चित्र पाठवलं :
समोरच्या पक्षाचा पुढारी, पुढ्यात नोटांची थप्पी.
बघताक्षणी मला आवाज आला. मेणाचा.
तरी मी ते अकरा जणांना पाठवलं.
राग होता, सात सेकंदांचा.
परवा कळलं, चित्र बनावट.

बापाच्या तराजूला डाव्या पारड्याखाली
दोऱ्याने चिंचोका बांधलेला आहे.
लहानपणी विचारलं होतं, ही चोरी ना?
म्हणाला, पासंग. दांडी मुळातच थोडी कलती आहे.
गिऱ्हाइकाला दिसतोय ना? मग झालं.

आज शटर अर्धंच उघडलं
आणि बिलबुकाच्या पाठीवर अकरा नावं लिहिली.
ऋताचं कार्डही सापडलं, शेवेच्या तेलाने पारदर्शक झालेलं.
ते बाजूला ठेवलं. तिचं नंतर.
पहिला फोन डिगंबरला.
अरे, ते चित्र मी पाठवलं होतं ना,
तो म्हणाला, थांब, केळीचा ट्रक चाललाय,
काही ऐकू येत नाही, परत बोल.

ट्रक जाईपर्यंत थांबलो.
मग परत बोललो, पहिल्यापासून.