चौदा आवर्तनं

मंगळवारी साडेसातला हॉल उघडतो.
हीटर तापायला आठ वाजतात, तोवर सगळे कोट घालूनच नाचतात.
माझ्याकडे बटण.
चौतीस वर्षं ऑर्कनीच्या फेरीबोटीच्या पोटात काढली,
इंजिनाचा ठोका चुकला की मला दाढेत कळतं,
म्हणून इंगा ड्रीव्हर म्हणाली, संगीत तू निवड.
खरं कारण हे, की जोड्या सहा जमल्या
आणि मी तेरावा.

नाच सोपा आहे, असं इंगा म्हणते.
बाजूला तीन पावलं, मग दोन ठोके टाचेचे. धप्, धप्.
दोन पावलं परत.
दोन मागे, दोन पुढे: पुरुष माघार घेतो, मग त्याला पश्चात्ताप होतो.
हाताच्या कमानीखालून तिची एक गिरकी,
उरलेल्या चार आवर्तनांत नुसतं गोल गोल,
एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.
मोजा. सोळा.
सोळा आणे हिशेब, चिल्लर उरत नाही.

चाल मिळणं अवघड.
पहिली फार पळत होती. टॉर्फिनचा गुडघा स्टीलचा,
तो तिसऱ्या मात्रेला पोचेपर्यंत पुढची पहिली येऊन गेलेली.
दुसरी इतकी रडकी की टाच आपटायची लाज वाटावी.
तिसरीत बॅगपाइप.
बंद हॉलात बॅगपाइप म्हणजे न्हाणीघरात बैल.
चौथी बरी होती.
बँकेला फोन केला की ते आपल्याला ताटकळत ठेवून ऐकवतात,
तितकी बरी.

फेब्रुवारीत थोरा फ्लेट आली.
चिखलाचे बूट दाराशी काढले, पिशवीतून नाचाचे काढले,
आणि एक कॅसेट माझ्यासमोर ठेवली.
तिच्या भावाने स्वयंपाकघरात वाजवलेलं अकॉर्डियन.
भाऊ पुढे हॅलिफॅक्सला गेला आणि पत्रं लिहीनासा झाला.
"वाजवून बघ," म्हणाली. "नाही आवडलं तर राग नाही."
तिच्या आवाजात राग तयारच होता.

वेग अचूक. सूर असा, की
कोणी आपल्या पाठीवर हात ठेवून आपल्याला घरात घ्यावं.
सहा जोड्या निघाल्या
आणि दुसऱ्याच फेरीत सगळं फसलं.
ठोके पडले तिथे सूर नुकता उमलत होता,
गिरकीच्या जागी शांतता,
टॉर्फिन आपल्या बायकोला सोडून इंगाकडे बघत उभा.
मी टेबलावर बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं.
चौदा. भावाने दोन आवर्तनं खाल्लेली.

"तो नेहमीच लवकर निघायचा," थोरा म्हणाली,
आणि कॅसेटसाठी हात पुढे केला.

मी दिली नाही.
कागद घेतला, फेरीच्या वेळापत्रकाची पाठ कोरी होती.
सोळाचा नाच, चौदाची चाल.
सात वेळा नाच होईल, आठ वेळा चाल,
आणि एकशे बाराव्या आवर्तनानंतर
पहिलं पाऊल आणि पहिला सूर
एकाच क्षणी दारात.
"तोवर?" इंगाने विचारलं.
तोवर चुकत राहायचं. पण मोजून.

"हे तुला आधी पायांनी करून दाखवावं लागेल," थोरा म्हणाली.
मी म्हटलं, बटण?
तिने बटण दाबलं, कॅसेट फिरू लागली,
आणि माझा डावा हात धरला तो
बोटीचा दोर धरतात तसा, सैल पण न सुटणारा.

तिसऱ्या फेरीत टेपवरचं कुत्रं भुंकलं,
मागे कुठेतरी किटली शिट्टी घालू लागली.
चौथ्या फेरीत मी तिच्या पायावर पाय दिला.
पाचव्या फेरीत कोणीच कोणाकडे बघत नव्हतं,
सगळ्यांचे ओठ हलत होते: ब्याऐंशी, त्र्याऐंशी.
सहाव्यात टॉर्फिन हसायला लागला, गुडघ्यासकट.

आणि मग ती सम आली.
तेरा नव्हे, चौदा जणांचं एक पाऊल डावीकडे,
हॉलची लाकडी जमीन एकदाच बोलली,
आणि तीन पावलांनी ठोके पडले, जिथे पडायला हवेत तिथेच.

थोराने माझ्याकडे बघितलं नाही.
ती त्या कॅसेटकडे बघत होती,
एखादा फार उशिरा आलेला माणूस बघावा तशी.

थांबवायला बटणापाशी कोणीच नव्हतं.
एक. दोन. तीन.
पुन्हा चुकायला सुरुवात झाली.