तिसरा बोया

हुफूफच्या पूर्वेला डांबर संपतं
आणि वाळू चाकांशी हुज्जत घालायला लागते,
तिथून पाऊण तास.
मग एका टेकाडावरून एकदम पाणी.
अल-असफर. पिवळं तळं.
दुपारी ते निळंच असतं,
पिवळं होतं संध्याकाळी,
भोवतीच्या वाळूला आरसा दाखवताना.

माझं काम साधं. खुंटावरचा आकडा वाचायचा,
वहीत लिहायचा, कचेरीला कळवायचा.
अकरा वर्षं झाली.
आईला सांगितलं, पाणी मोजतो,
तर म्हणाली, वाळवंटात?
बरी नोकरी शोधलीस.

दाभोळच्या खाडीवर अब्बांची तर होती.
तिथलं पाणी दिवसातून दोनदा मन बदलायचं.
याला भरती नाही, सुकती नाही,
वर्षाला एकच श्वास:
हिवाळ्यात घेतलेला, उन्हाळाभर सोडलेला.
येतं तेही उष्टं.
अल-अहसाच्या खजुरांनी पिऊन उरलेलं,
कालव्याने घरंगळत आलेलं, जरा खारट.
पाखरांनी कधी नाक मुरडलं नाही.

पंपावरचा जवाद एकदा बोट दाखवून म्हणाला,
अबू मगाझिल, चात्यांचा बाप.
मी म्हटलं, शेकाट्या.
दोघंही त्या लाल काटक्यांच्या पायांकडे बघत राहिलो.
मग एक काळं पाखरू, कपाळावर पांढरा ठसा.
घुर्रा, तो म्हणाला,
घोड्याच्या कपाळावर असतो ना, तो.
चांदवा, मी म्हटलं,
आमच्याकडे बैलाच्या असतो.
त्या दिवशी पंप अर्धा तास उशिरा सुरू झाला.

शुक्रवारी दम्मामहून गाड्या येतात,
टपांवर कयाकी बांधलेल्या,
लाइफ जॅकेटांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत.
पहिला तासभर निम्मे लोक
जागच्या जागी गोल फिरतात.
रीम तशी नव्हे.
बाह्या कोपरापर्यंत सारून ती वल्हं असं मारते
की पाण्याला नंतर कळतं.
अब्बा म्हणाले असते, हिला तरीवर ठेवा.

मार्चमध्ये शर्यत ठरली.
चार नारिंगी बोये मी टाकायचे,
कारण खोली मला ठाऊक.
तिसऱ्याच्या जागी, बोरूच्या कडेला,
घरटं निघालं. ओल्या पात्यांची तरंगती चुंबळ.
वर चांदवा बसलेली. उठली नाही,
नुसतं कपाळ माझ्याकडे वळवलं.
मी बोया चाळीस हात बाहेर ओढला
आणि वहीत लिहिलं:
जागा तीन, पाणी गुडघाभर, वल्ह्याला धोका.
अकरा वर्षांतला पहिला खोटा आकडा,
तोही किती सुबक अक्षरात.

शर्यतीत रीम पुढे होती.
ते लांबचं वळण तिला खटकलं असणार.
आत शिरली, थांबली,
वल्हं उभं बुडवलं. मूठभरच वर उरलं.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग मी जिकडे बघायचं टाळत होतो तिकडे.
आणि हळूच, मागे मागे,
एक थेंब न उडवता बाहेर आली.
तेवढ्यात दोन पोरं पुढे गेली.
बक्षिसाचा थर्मास नवाफला मिळाला.
काठावर कयाक ओढताना ती एवढंच म्हणाली,
नझीर, तुझा गुडघा फार वर आहे.

आता ऑगस्ट.
पाणी पार पलीकडे सरकलंय.
तिसरा बोया चिखलाच्या पापुद्र्यांवर कलंडलेला,
उन्हाने रंग उडून शेवाळी-पांढरा.
चुंबळ तिथेच, जमिनीला टेकलेली,
आत टरफलाचा एक तुकडा.
पिल्लू निघालं की कुणी खाल्लं
हे तुकड्यावरून ओळखता येतं, जवाद सांगतो.
मला नाही येत.
मी तो परत ठेवला.

त्या जागी काठी उभी केली, सवयीने.
लिहिलं: जागा तीन, पाणी नाही.
मग मार्चचं पान उघडलं,
पेन बराच वेळ हातात धरलं,
आणि खिशाला लावलं.